हाडातली भोकं कधी भरतात?

या खेपेच्या पत्रांतली तीन एकाच विषयाची निघाली. सर्जनने हाडाला भोक पाडलं किंवा हाड कापलं, तर पुढे त्या हाडाचं काय होतं? एक पत्र नंदगडचं, एक बेळगावातल्या वडगावचं, एक निपाणीचं. पहिल्या पत्राला जागा जास्त गेली आहे, कारण ती शंका ओपीडीतही सारखी ऐकू येते.

प्रश्न: माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. दीड वर्षामागं मोटारसायकलवरून पडला आणि उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली. मिरजेला ऑपरेशन करून दोन पट्ट्या आणि स्क्रू घातले. हात चांगला झाला. आता गेल्या महिन्यात पट्ट्या काढल्या, तर एक्सरेत ओळीनं भोकं दिसतात. मुलगा तालमीत जातो. वस्ताद म्हणतात, महिनाभरात मातीत उतरू दे, नाहीतर अंग जड होईल. गावातले हाडवैद्य म्हणतात, हाड पोकळ झालंय, भोकं जन्मभर राहणार, रोज तेल लावून पिळून घ्यावं लागेल. कुणाचं ऐकू? (एक आई, नंदगड)

उत्तर: ताई, सध्या दोघांचंही ऐकू नका. भोकं भरतात, आणि बाहेरून काहीही न करता भरतात. पण वस्तादांना वाटतं तितक्या लवकर नाही.

आधी भोक कसं पाडतात ते सांगतो, कारण ते कसं भरणार हे बरंचसं पाडतानाच ठरतं. हाताच्या या हाडांना साधारण साडेतीन मिलिमीटरचे स्क्रू बसवतात आणि त्यासाठी अडीच मिलिमीटरच्या बिटने भोक पाडतात. ड्रिल चालवताना हाड दोन भिंतींचं आहे हे हाताला कळतं. पहिली भिंत कठीण लागते, मग मधल्या मज्जेत हात एकदम हलका पडतो, मग पलीकडची भिंत लागते. तिच्यापुढे जोर आवरला नाही, तर बिट थेट स्नायूंत आणि शिरांत. हे सगळं चालू असताना शेजारी सिस्टर सिरिंजने बिटवर सलाइनची बारीक धार धरून असते. बघणाऱ्याला वाटतं रक्त धुतात. तेही होतं, पण मुख्य काम हाड गार ठेवण्याचं. घर्षणाने बिट तापतं आणि हाडाला उष्णता सोसत नाही. १९८३ साली एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन या स्वीडनच्या संशोधकांनी सशांच्या हाडांवर दाखवून दिलं की ४७ अंश सेल्सिअस उष्णता एक मिनिट लागली तरी तिथल्या हाडाला इजा होते. तेव्हापासून ४७ हा आकडा आम्हा लोकांच्या डोक्यात पक्का बसला आहे. बिटच्या खाचांतून निघणारा भुगा पांढरट-गुलाबी असेल तर ठीक. तो पिवळट-तपकिरी दिसायला लागला आणि केस जळल्याचा वास आला, की बिट बोथट झालं, दुसरं घ्या. करपलेल्या भोकाभोवती मेलेल्या हाडाचं कडं तयार होतं, स्क्रू ढिला पडतो, आणि त्यात जंतू शिरले तर ते कडं एक्सरेत सुटं दिसतं. तुमच्या मुलाचे स्क्रू दीड वर्ष घट्ट राहिले आणि हात जुळला. तेव्हा पाडणाऱ्याने भोकं नीट पाडली होती असं धरून चाला.

आता भरण्याचं. स्क्रू काढला की भोकात रक्त येतं आणि त्याची गुठळी होते. पुढच्या काही दिवसांत मज्जेतून बारीक रक्तवाहिन्या त्या गुठळीत शिरतात आणि त्यांच्याबरोबर हाड तयार करणाऱ्या पेशी येतात. मोडलेल्या हाडाची टोकं हलत असतात, म्हणून तिथे शरीर आधी मऊ कूर्चा घालतं आणि मग तिचं हाड करतं. फ्रॅक्चरभोवती एक्सरेत जो गोळा दिसतो तो त्यातूनच होतो. स्क्रूच्या भोकाच्या कडा हलत नाहीत, त्यामुळे कूर्चेची पायरी गाळून थेट हाडच बनायला लागतं. काही आठवड्यांत भोकात नवं हाड असतं. पण ते घाईचं हाड. त्यातले तंतू वाटेल तसे पसरलेले असतात आणि ते जुन्या हाडाइतकं भार घेणारं नसतं.

त्याचं पक्कं हाड व्हायला महिने लागतात. हे काम कसं चालतं ते आपल्या भागातल्या माणसाला सांगायला सोपं आहे. कॅसलरॉकहून दूधसागरकडे रेल्वे उतरते तिथले बोगदे पाहिलेत ना? बोगदा खणताना पुढची टोळी दगड फोडत जाते आणि मागची टोळी आतून अस्तर बांधत येते. हाडात अगदी हेच चालतं. पुढे हाड खाणाऱ्या पेशी असतात, त्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. त्या सुमारे मिलिमीटरचा पाचवा भाग रुंदीचा बोगदा पाडत, दिवसाला साधारण मिलिमीटरचा विसावा भाग पुढे सरकतात. मागून ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी थरावर थर देत नवं हाड घालतात. खाणं लवकर उरकतं, बांधणं रेंगाळतं. एका जागचा बोगदा पुन्हा भरून व्हायला तीन-चार महिने जातात. असे असंख्य बोगदे भोकाच्या कडेपासून नव्या हाडात जातात आणि जुनं-नवं एकमेकांत विणलं जातं.

हे सारं एक्सरेत दिसत नाही, तिथे फक्त दाटपणा दिसतो. नव्या हाडाचा दाटपणा आजूबाजूच्या हाडाइतका व्हायला वर्ष आणि कधी त्याहून जास्त लागतं. म्हणून भोकाची सावली राहते आणि घरचे घाबरतात. फोटोत भोक दिसतं म्हणून तिथे पोकळी आहे असं नाही. हाडवैद्यांचं म्हणणं तिथेच संपलं.

पण वस्तादांचं म्हणणं मला जास्त काळजीत टाकतं. हाडाच्या रुंदीच्या पाव भागाएवढं भोक असलं तरी पिळाची ताकद बरीच उतरते, कारण सगळा ताण भोकाच्या कडेशी गोळा होतो. सशांच्या हाडांवरच्या प्रयोगात हा दुबळेपणा साधारण आठ आठवड्यांत गेला. माणसाला त्याहून जास्त द्यावे लागतात. शिवाय प्रश्न नुसत्या भोकांचा नाही. दीड वर्ष पट्टीने बराचसा भार स्वतः घेतला आणि तिच्या खालचं रक्त थोडं दाबून ठेवलं. त्यामुळे पट्टीखालची भिंत पातळ झालेली असते. पट्टी काढल्यावर तिला पुन्हा भार घ्यायची सवय लावावी लागते. जर्मन सर्जन युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं होतं ते हेच, की हाड भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. सवय मात्र हळूहळू लागते. पट्ट्या काढल्यानंतर कोपराखालची हाडं पुन्हा मोडल्याच्या केसेस बहुतेक पहिल्या काही महिन्यांतल्याच असतात, आणि पट्टी वर्षाच्या आत काढली तर धोका वाढतो. तुमच्याकडे दीड वर्ष थांबले, ते बरं झालं.

तेव्हा हिशोब असा. जेवणखाण, लिहिणं, मोबाइल, बैठका, चालणं हे आजपासून. जोर काढायचे ते दोन महिन्यांनंतर, तेही सर्जनने हात दाबून, पिळून आणि एक्सरे बघून सांगितल्यावर. मुद्गल-गदा तीन महिन्यांनंतर. प्रत्यक्ष कुस्ती चार ते सहा महिन्यांच्या आत नाही. धोबीपछाडीत समोरच्याचा हातच धरून ओढतात, आणि हाडाला नेमका तोच पीळ नको आहे. वस्तादांना सांगा, अंग जड झालं तर बैठकांनी हलकं होईल, हात पुन्हा मोडला तर पुढची जत्राही जाईल. ते ऐकतील. या भागातले वस्ताद हाडाच्या बाबतीत शहाणे असतात, त्यांनी बरंच पाहिलेलं असतं.

तेल लावा, माझी हरकत नाही, जखम भरून खपली पडल्यावर. पण पिळून घेणं बंद. कोपराभोवती जोराने चोळल्याने स्नायूतच हाड धरल्याची उदाहरणं आहेत. तसा कोपर मग वाकत नाही, आणि ते दुखणं निस्तरणं मूळ फ्रॅक्चरपेक्षा किचकट.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो, कारण सगळे विचारतात. तुमच्या खानापूर तालुक्यातल्या माणसाला कॅल्शियमसाठी बाजारात जायची गरज नाही. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, भाकरी करा नाहीतर आंबील करा. त्याच्या जोडीला प्रथिनं हवीत: डाळ, अंडी, दूध, मासे, जे घरात चालतं ते. एका पेशंटने मला विचारलं होतं, कुंद्यात खवा असतो, मग रोज कुंदा खाल्ला तर हाड लवकर जुळेल का? खवा आहे हे खरं. साखरही आहे हे तो सोयीने विसरला होता.

प्रश्न: मी ५१ वर्षांचा, वडगावात माग चालवतो. दोन्ही पाय गुडघ्यात बाहेर वाकलेत, उजव्या गुडघ्याची आतली बाजू फार दुखते. डॉक्टर म्हणाले, सांधा बदलायची वेळ अजून आलेली नाही. गुडघ्याखालचं हाड कापून पाय सरळ करू, फट उघडी ठेवून पट्टी लावू. हाडात फट ठेवून माणूस चालणार कसा? फटीत कमरेचं हाड काढून भरतात का? शेजारी म्हणतात सिमेंट भरतात. (एक वाचक, वडगाव, बेळगाव)

उत्तर: दादा, सिमेंट नाही. ते सांधा बदलताना वापरतात. काही सर्जन फटीत कॅल्शियम फॉस्फेटची पाचर घालतात, ती वस्तू वेगळी. फट साधारण दहा मिलिमीटरच्या आतली असेल तर बहुधा काहीच भरत नाहीत, ती आपोआप भरते. त्याहून मोठी असली तर कमरेचं हाड किंवा पाचर, हे तुमच्या सर्जनच्या पसंतीवर.

हाड कापतात म्हणजे आरपार दोन तुकडे करत नाहीत. नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला आतल्या बाजूने आधी तारा घालून दिशा पक्की करतात. मग बारीक थरथरणाऱ्या पात्याची करवत चालते, तीही सलाइनच्या धारेखाली, कारण ४७ अंशांचा नियम करवतीलाही आहे. बाहेरच्या बाजूला सुमारे एक सेंटिमीटर हाड अखंड सोडतात, ती बिजागरी. मग पटाशी घालून फट उघडतात, एकदम नाही, मिनिटामिनिटाला थोडी थोडी, म्हणजे बिजागरी तडकत नाही. पाय सरळ आला की पट्टी.

ही जागा मुद्दाम निवडलेली आहे. गुडघ्याजवळचं हाड आतून जाळीदार असतं, त्यात रक्त भरपूर, आणि कापलेल्या जाळीदार हाडाची भरण्याची ताकद नळीच्या मधल्या कठीण हाडापेक्षा जास्त. फट बिजागरीच्या बाजूने भरत येते. शेवटी भरते ती आतली, जिथे ती सर्वांत रुंद आहे. एक्सरेत तिथे वर्षभरही रेघ दिसली तर घाबरू नका.

चालणार कसा, याचं उत्तर असं की फट असण्याला हाडाची हरकत नसते, फटीतल्या हालचालीला असते. स्विस संशोधक पेरेन यांनी याचं गणित मांडलं. पक्कं हाड दोन टक्क्यांहून जास्त ताण सहन करत नाही, कूर्चा दहा टक्क्यांपर्यंत. म्हणजे एक मिलिमीटरच्या फटीत मिलिमीटरचा पन्नासावा भाग हलला की तिथे हाड धरणं अवघड. पण तीच हालचाल दहा मिलिमीटरच्या फटीत वाटून जाते. पट्टी आणि बिजागरी मिळून ती हालचाल आटोक्यात ठेवतात. म्हणून कुबड्यांवर पाय नुसता टेकवत चालायचं पहिल्या दिवसांपासून, पूर्ण वजन साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, आणि दिवसभर मागावर उभं राहणं तीन महिन्यांच्या आधी नको. मालक असाल तर जमेल. मजुरीवर असाल तर ऑपरेशनआधी त्या तीन महिन्यांची सोय लावा, कारण दोन महिन्यांत मागावर उभे राहिलेले लोकच पुढे पट्टी वाकवून माझ्याकडे येतात.

रशियातल्या कुर्गानच्या इलिझारोव्ह यांनी तर फट रोज वाढवून दाखवली. हाड कापायचं, काही दिवस थांबायचं, मग दिवसाला एक मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटर चार वेळा, असं ताणायचं. फटीत नवं हाड येत राहतं आणि आखूड पाय लांब होतो. तुमच्यापुढचा प्रश्न त्यापेक्षा फार सोपा आहे.

तुम्ही कापडवाले म्हणून एक गंमत सांगतो. वाढणारं हाड पहिल्यांदा रंगाने पकडलं गेलं, आणि ते कापडाच्या रंगामुळे. १७३६ मध्ये लंडनचे सर्जन जॉन बेल्चियर एका कापड छापणाऱ्याकडे जेवायला गेले. ताटातल्या डुकराची हाडं लाल. त्या डुकरांना रंगाच्या हौदातला, मंजिष्ठेच्या कुळातल्या मॅडर नावाच्या वनस्पतीचा कोंडा घालत. पुढे फ्रान्सच्या दुहामेल यांनी तो रंग कधी द्यायचा, कधी थांबवायचा असे प्रयोग केले आणि दिसलं की रंग त्या त्या वेळी तयार होणाऱ्या हाडालाच चढतो. हाडावरच्या पातळ आवरणातून नवं हाड येतं हेही त्यातूनच कळलं. म्हणूनच हाड कापताना ते आवरण खरवडून टाकू नये, जमेल तितकं जपावं.

जाण्याआधी दोन गोष्टी. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी तपासा. आणि ऑपरेशननंतर दुखलं की मेडिकलमधून आणून आठवडेच्या आठवडे गोळ्या घेऊ नका. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या थोड्या दिवसांना चालतात, लांबल्या तर हाड जुळण्याचा वेग मंदावू शकतात. बाकी पट्टी नंतर टोचली तर काढता येते. तेव्हाच्या भोकांचं उत्तर वरच्या पत्रात आहे.

प्रश्न: माझी खालची दाढ काढून तिथे इम्प्लांट बसवला. हाडाला भोक पाडून स्क्रू घातलाय, पण दात तीन महिन्यांनी बसवणार म्हणतात. स्क्रू घट्ट आहे, मग एवढं का थांबायचं? मी विड्या वळते, लहानपणापासून मिश्री लावते. डॉक्टरांनी मिश्री बंद करायला सांगितली. दुसऱ्या बाजूला लावली तर चालेल का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर: ताई, आज जो घट्टपणा आहे तो स्क्रूच्या आट्यांचा, हाडाचा नव्हे. पुढच्या तीन-चार आठवड्यांत भोकाच्या कडेचं थोडं जुनं हाड खाल्लं जातं आणि नवं अजून पुरेसं आलेलं नसतं. तेव्हा स्क्रू आजच्यापेक्षा कमी घट्ट असतो, आणि त्याच वेळी त्यावर चावलात तर तो निसटतो. मग नवं हाड स्क्रूच्या धातूला, टायटॅनियमला, थेट चिकटतं. स्वीडनचे ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण पुन्हा काढताच येईना, त्यातून त्यांना हे उमगलं, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले. तेव्हापासूनची जुनी रीत अशी की खालच्या जबड्याला तीन महिने, वरच्याला सहा, कारण वरचं हाड मऊ. आता कधी कधी लवकरही बसवतात, पण तुमच्या डॉक्टरांनी जबडा बघून सांगितलंय, त्यांचं ऐका.

दुसऱ्या बाजूची मिश्री चालणार नाही. निकोटिन हिरडीतून रक्तात जातं आणि दोन्ही बाजूंच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. भोक भरायला नेमकं तिथलंच रक्त लागतं. विडी ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त आहे. विड्या वळताना तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, ते पोटाचं काम आहे, मी सोडा म्हणणार नाही. फडकं बांधा, खिडकीपाशी बसा. मिश्री तेवढी हे तीन महिने पूर्ण बंद ठेवा. जमलं नाही, तर दात बसवायला जाल तेव्हा डॉक्टरांना स्वतःहून सांगा. बायका मिश्रीचं सांगत नाहीत, आणि मग स्क्रू का हलला ते कुणाला कळत नाही.